जावयाचा गांजा

गुरुपूजेसाठी डुकराचं मुंडकं आणायचं काम दर वर्षी खामफानकडे असे, आणि दर वर्षी त्यात काहीतरी खोट निघे. कधी मुंडकं लहान, कधी कान फाटका, एकदा तर म्हणे त्या डुकराच्या चेहऱ्यावर गुरूला आवडणार नाही असा भाव होता. या वर्षी मात्र सासूने, चानहोमने, टोपलीवरचं केळीचं पान उचललं, मुंडकं खालीवर पाहिलं आणि म्हणाली, "छान आणलंस." खामफान सावध झाला. चानहोमने आपलं कौतुक केलं की ते आपल्याला महागात पडतं, एवढं तो या घरात घरजावई म्हणून आल्यापासून शिकला होता.

फू फानच्या डोंगरपायथ्याशी घरजावई असणं यात लाजण्यासारखं काही नव्हतं. तिकडे लग्न झालं की नवराच बायकोच्या घरी जातो, बायकोच्या आईचं शेत कसतो आणि बायकोच्या आईचं ऐकून घेतो. पण ऐकून घ्यायलाही काही सुमार असतो. गावाची "मोठी आई" म्हणवणाऱ्या चानहोमची जीभ ब्याऐंशी वर्षं वापरूनही बोथट झाली नव्हती.

खांबांवरच्या घराखाली, सावलीत, बांबूच्या चौथऱ्यावर पांढरं कापड अंथरलं होतं. त्यावर ऋषीचा मुखवटा, बुद्धाचे वैद्य जीवक यांची पितळी मूर्ती, उकडलेली अंडी, झेंडूची फुलं, तांदळाच्या दारूची बाटली आणि मधोमध ते हसरं मुंडकं. इकडचे सगळे झाडपाल्याचे वैद्य स्वतःला जीवकांच्या परंपरेतले समजतात आणि वर्षातून एका गुरुवारी अशी पूजा घालतात. या गुरुवारी मात्र पूजेला सरकारही येणार होतं.

कारण कायदा बदलला होता. गांजा औषध म्हणून चालेल असं सरकारने ठरवलं होतं, पण कोणाच्याही हातचा नव्हे. जो वैद्य वर्षानुवर्षं हे औषध देत आलाय असं दाखवून देईल त्याला प्रमाणपत्र, बाकीच्यांनी आपापलं तेल मुकाट्याने जमा करावं. मुदत संपत आली होती. प्रांताचं तपासणी मंडळ दुपारी येऊन चानहोमचा निकाल लावणार होतं. तिचं तेल गेलं तर खालच्या वस्तीतला म्हातारा बुनमा, ज्याचं पोट कॅन्सरने पोखरलं होतं आणि जो तिच्या थेंबांवर कसाबसा झोपत होता, पुन्हा रात्रभर विव्हळणार हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

चानहोमला स्वतःला या कायद्याचं काडीचं कौतुक नव्हतं. सकाळपासून ती तोंडात पान धरून येईल त्याला तेच ऐकवत होती. सुखसायात नावाचं औषध, म्हणजे सुखाने झोप लावणारं, जुन्या राजधानीतले, अयुथ्याच्या राजाचे वैद्य गांजा घालूनच करायचे. तिच्या लहानपणी कोंबडीचा रस्सा फिका लागला की आई परसातून गांजाची चार पानं खुडून आणायची आणि त्यावरून कोणी पोलिसांना बोलावत नव्हतं. मग शेजारच्या देशातल्या लढाईच्या वर्षांत इथल्या विमानतळांवर गोरे सैनिक आले, त्यांनी ओढून ओढून डोंगर बोडका केला, आणि ते घरी गेल्यावर त्यांच्याच सरकारने आपल्या सरकारला समजावलं की हे फार वाईट असतं. आता त्याच गोऱ्यांनी त्याला औषध म्हणायला सुरुवात केली म्हणून आपल्या साहेबांनाही ते औषध वाटायला लागलं. एवढं बोलून ती पिंक टाकायची आणि पुढच्या पाहुण्यासाठी पुन्हा राजाच्या वैद्यांपासून सुरू करायची.

खामफानचा गांजाशी संबंध एवढाच की त्यापायी तो दोन वर्षं तुरुंगात राहून आला होता. त्याने आयुष्यात कधी गांजा ओढला नव्हता, लावला नव्हता की शिजवला नव्हता. तो झुंजीचे कोंबडे पाळायचा आणि त्यातच खूश होता.

पस्तीस वर्षांपूर्वी वरून हुकूम आला होता की प्रत्येक चौकीने त्या महिन्यात गांजाची एक तरी केस दाखवावी. चौकीवर नव्यानेच लागलेला शिपाई होता थावोन, चानहोमचा थोरला मुलगा. साहेबाने त्याला विचारलं, तुझ्या आईच्या चुलीवर काय शिजतं ते आम्हाला कळत नाही असं वाटतं का तुला? त्या संध्याकाळी सगळे चटईवर जेवायला बसले तेव्हा थावोनने ते घरात सांगितलं. खामफानची बायको सायफिन पोटुशी होती. सासरा मागच्याच वर्षी गेला होता. म्हातारी आत गेली तर रोग्यांनी कुठे जायचं? खामफानच्या अंगात तेव्हा रग होती. तो हातातला भाताचा गोळा खाली ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "मी जातो." दुसऱ्या दिवशी मेहुण्यानेच त्याला रीतसर पकडलं.

मग इकडच्या रिवाजाप्रमाणे फोटो निघाला. टेबलावर मुद्देमाल, म्हणजे म्हातारीच्या बरण्या, तिचा खलबत्ता आणि तेलाच्या बाटल्या. टेबलामागे मान खाली घातलेला आरोपी. आणि दोन्ही बाजूंना उभे राहून आरोपीकडे बोट दाखवणारे पोलीस. त्यात सगळ्यात सरळ बोट थावोनचं होतं. फोटो वर्तमानपत्रात छापून आला आणि थावोनला बढती मिळाली.

मुलगी जन्मली तेव्हा खामफान आत होता. नुईला शाळेत पोरं कैद्याची पोर म्हणायची. खरं काय ते तिला कोणी सांगितलं नाही, कारण पोर शाळेत बोलली असती आणि पुन्हा पोलीस आले असते. पुढे ती मोठी झाली, शिकली, तालुक्याच्या इस्पितळात देशी औषधांच्या विभागात लागली, आणि सांगायचं राहून गेलं ते गेलंच. बापाशी ती चांगलं वागायची. फक्त पाहुण्यांसमोर बापाच्या जुन्या दिवसांचा विषय निघाला की पाणी आणायला उठायची. तिचं ते उठणं खामफानच्या काळजाला लागायचं, आणि ते तो कोणाला सांगू शकत नव्हता.

आता कायदाच बदलला म्हटल्यावर त्याला एक गोष्ट हवी होती आणि एकच. गांजा याचा नव्हता, एवढं म्हातारीने डोळे मिटायच्या आत नुईच्या समोर म्हणावं. सायफिनने त्याला शब्द दिला होता की आज मंडळापुढे आई सगळं सांगेल. म्हणूनच तो पहाटे उठून तालुक्याच्या बाजारात गेला होता आणि मुंडकं निवडायला एवढा वेळ लावला होता.

अकराच्या सुमाराला थावोनची मोटार आली. नोकरीत असताना हा माणूस आईच्या दारावरून जायचं टाळायचा, आणि जावंच लागलं तर टोपी नाकापर्यंत ओढून जायचा. आता निवृत्त झाल्यावर त्याने गळ्यात वैद्यांसारखी मण्यांची माळ घातली होती आणि येईल त्याला तो वैद्यांच्या घराण्यातला म्हणून स्वतःची ओळख करून देत होता. त्याच्या काखेत सोनेरी चौकटीत बसवलेला एक फोटो होता. तो त्याने जीवकांच्या मूर्तीला टेकवून ठेवला. खामफानने वाकून पाहिलं तर तो तोच फोटो होता.

"हा इथे कशाला?" त्याने विचारलं.

उत्तर नुईने दिलं. ती चौथऱ्याच्या काठावर बसून बापाशी अगदी समजुतीच्या सुरात बोलली, आणि त्या सुरावरूनच खामफानला कळलं की घरात आधीच काहीतरी ठरलं आहे. मोठ्या आईच्या नावाने अर्ज टिकणार नाही, ती म्हणाली. पुरावा नाही. गावाने तिला इतकं चोख लपवलं होतं की आता ती सापडेना. जुन्या मुखियाने कोर्टात शपथेवर सांगितलं होतं की चानहोमबाई सुपारी विकतात, औषधातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. तिच्या हातून बरे झालेल्या प्रत्येकाने हेच सांगितलं होतं, आणि सगळं लिहून ठेवलेलं होतं. या घरात पस्तीस वर्षांपूर्वी गांजाचं औषध होत होतं असं सरकारदरबारी सिद्ध करणारी एकच गोष्ट जगात होती, ती म्हणजे हा फोटो. आणि फोटोत बाबा होते.

"म्हणून अर्ज तुमच्या नावाने घालायचा," नुई म्हणाली. "शिक्षा कधीच भोगून झालीये, ती आड येत नाही, मी विचारून घेतलं. मोठ्या आईला कळतं सगळं, ती मागे बसून करेल. आणि बाबा, निदान तेव्हाच्या त्या प्रकाराचा काही उपयोग तरी होईल."

तेव्हाचा तो प्रकार. खामफानने सासूकडे पाहिलं. ती मुंडक्याच्या कानात झेंडूचं फूल खोवत होती आणि तिने वर पाहिलं नाही. सकाळचं "छान आणलंस" कशासाठी होतं ते त्याला आता कळलं.

"आई आज खरं सांगणार होत्या," तो म्हणाला.

"कसलं खरं?" नुईने विचारलं.

थावोन चौकट सरळ करू लागला, सायफिन अंडी सोलू लागली. तेवढ्यात नुईचा फोन वाजला. मंडळाची गाडी देवळापाशी चुकीच्या रस्त्याला वळली होती. नुई स्कूटर काढून त्यांना आणायला गेली, आणि जाताना बापाला चांगला शर्ट घालायला सांगून गेली.

स्कूटरचा आवाज लांब गेल्यावर खामफान म्हणाला की हे जमणार नाही. एकदा आपलं नाव घातलंत तेवढं पुरे झालं. थावोनने आधी गोडीगुलाबीने घेतलं. प्रमाणपत्र भिंतीवर लागेल, लोक पाया पडतील, पोरीला इस्पितळात मान मिळेल. ते चालेना तेव्हा त्याने बुनमाच्या पोटाचा विषय काढला. सायफिनही भावाच्या बाजूला सरकली. सकाळपर्यंत ती नवऱ्याच्या बाजूची होती, पण आता म्हणाली की नुईचे बाबा, नावात काय आहे, बुनमाच्या बायकोचा सकाळी पुन्हा निरोप आला होता.

"नावात काही नाही तर तुझ्या भावाचं घाल," खामफान म्हणाला.

"आई खरं बोलली तर माझं काय होईल याचा विचार केलास?" थावोनचा आवाज चढला. "माणूस निर्दोष आहे हे माहीत असून मी त्याला आत टाकला असा अर्थ होतो त्याचा. म्हातारपणी मला चौकशीला उभं करणार का तू?"

"बोट दाखवताना नाही आठवलं."

थावोनचा चेहरा लाल झाला. तो दारूच्या बाटलीकडे गेला, गुरूसाठी ठेवलेल्या पेल्यातली दारू स्वतःच प्यायला आणि वळून उभा राहिला.

"फार मोठे उपकार केल्यासारखा वागतोस तू. वधूमूल्याची एक दमडी न मोजता मुलगी मिळाली तुला. कधी विचार केलास का, का मिळाली? भातगिरणीवाल्याच्या पोराने मागणी घातली होती. म्हशींच्या व्यापाऱ्याने घातली होती. आई सगळ्यांना नाही म्हणाली आणि तुला हो म्हणाली. काय होतं तुझ्याकडे? दोन कोंबडे. अरे, बाबा होते तोवर पोलीस आले की बाबा जायचे. ते आजारी पडले तशी आईला चिंता लागली. घरात पकडून न्यायला एक पुरुष माणूस हवा, म्हणून आणला तुला. ती जागा रिकामी होत होती."

खामफानने बायकोकडे पाहिलं. तिच्या हातातलं अंडं सोलून झालं होतं, तरी ती ते सोलतच होती.

"तुला माहीत होतं?"

"लग्नाच्या वेळी नव्हतं," सायफिन म्हणाली. "तुम्ही आत गेल्यावर आई बोलली. मग काय सांगायचं होतं मी तुम्हाला, तुरुंगाच्या जाळीतून?"

"आणि बाहेर आल्यावर?"

सायफिनने सोललेलं अंडं ताटात ठेवलं. चानहोमने मुलाला खोटारडा म्हटलं नाही की गप्प केलं नाही. तिने पिंक टाकली आणि जावयाला म्हणाली, "लोक येतायत. शर्ट बदल."

खामफान शर्ट बदलायला न जाता मागच्या खुराड्यांकडे गेला आणि उपड्या टोपलीवर बसला. त्याला रडायला येत होतं आणि कोंबड्यांसमोर त्याची लाजही वाटत होती. त्याने आयुष्यात फारसं काही केलं नव्हतं. शेत सासूचं, घर बायकोचं, मुलगी स्वतःच्या हिमतीवर शिकलेली. पण त्या संध्याकाळी आपण उठून "मी जातो" म्हणालो, ही एक गोष्ट त्याची होती. तुरुंगात डास चावायचे, पोटभर भात मिळायचा नाही, तेव्हा तो तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवून झोपायचा. आज कळलं की ती जागा त्याच्यासाठी लग्नातच राखून ठेवली होती. भातगिरणीवाल्याच्या पोराला असं कोणी तुरुंगात धाडलं नसतं. तो फुकट मिळाला होता म्हणून फुकट गेला होता, आणि ज्यासाठी गेला होता ते आता सरकार स्वतःच औषध म्हणून वाटायला निघालं होतं. म्हणजे गुन्हाही गेला आणि त्यागही गेला.

लाल तुऱ्याचा म्हातारा कोंबडा जवळ येऊन त्याच्या पायाशी माती उकरू लागला. खामफान बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याला हसू यायला लागलं. आधी नुसतं नाकातून आलं, मग पोटातून, आणि आत जाऊन त्याने लग्नातला पांढरा शर्ट घातला तेव्हाही ते पुरतं थांबलेलं नव्हतं.

मंडळात तिघं होते. मुख्य होत्या पाचारी नावाच्या अधिकारी बाई, चष्मा लावलेल्या, उन्हाने त्रासलेल्या पण स्वभावाने गोड. त्यांच्याबरोबरच्या दोघांपैकी एक लिहून घ्यायचा आणि दुसरा फोटो काढायचा. त्यांना सरबत दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. थावोनने सोनेरी चौकट दोन्ही हातांनी पुढे केली. पाचारीबाईंनी फोटो बघितला, मग खामफानकडे बघितलं, मग पुन्हा फोटो.

"हे तुम्हीच?"

"मीच," खामफान म्हणाला. "केस जास्त आहेत, पण मीच."

"आणि हे औषध तुमचं?"

थावोन पट्ट्याशी चाळा करू लागला. नुई पाणी आणायला उठायच्या बेतात होती.

"माझंच," खामफान म्हणाला.

थावोनने हातातला पट्टा सोडला. सायफिनने नवऱ्याकडे अशा मायेने पाहिलं की एरवी तो विरघळला असता. पण खामफानचं बोलणं संपलं नव्हतं.

"सगळं माझंच आहे," तो म्हणाला. "मी या घरात आलो तेव्हा या लोकांना काही येत नव्हतं. सासूबाई सुपारी विकायच्या. हवं तर कोर्टात बघा, गावाने शपथेवर सांगितलंय. मी आलो आणि यांना शिकवलं. पहिल्या शिष्या सासूबाईच. दुसरा हा मेहुणा, पण याचा हात जड आहे."

चानहोमचं पान चघळणं थांबलं. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडासमोर असं खोटं कोणी बोललं नव्हतं, आणि ते खोडायची सोय गावाने ठेवली नव्हती. तिने जावयाकडे बघितलं तेव्हा तिच्या नजरेत राग होता हे खरं, पण त्याच्या जोडीला आणखीही काहीतरी होतं, जसं बाजारात स्वस्तात घेतलेली वस्तू घरी आल्यावर वेगळीच निघाली की होतं.

पाचारीबाईंनी विचारलं की तेल कसं करता. खामफानने आयुष्यात तेल केलं नव्हतं, पण चुलीला लाकडं त्यानेच आणली होती आणि शिव्या त्यानेच खाल्ल्या होत्या. त्यामुळे त्याच्याकडे सगळी कृती शिव्यांच्या रूपात होती, ती त्याने जशीच्या तशी सांगायला सुरुवात केली.

"जाळ मोठा झाला की मी शिष्येला म्हणतो, डोळे फुटले का तुझे, औषध करतेस की डुक्कर भाजतेस? ढवळताना थांबली की म्हणतो, हात मोडला काय, माकडा? नारळाचं तेल वर सुटलं आणि फेस बसला की मग गाळायचं. तेव्हा शिंकली तर म्हणतो, जा, कोंबड्यांत जाऊन शिंक, तीच तुझी लायकी."

पाचारीबाईंनी चष्म्यावरून चानहोमकडे पाहिलं. गुरू जरा कडक आहेत, त्या म्हणाल्या. चानहोम म्हणाली की हो, फार तोंडाळ आहेत. मग त्यांनी मात्रेबद्दल विचारलं, आणि खामफानला ती बुनमाच्या घरी बाटली पोहोचवून पोहोचवून पाठ होती. लिहिणाऱ्याने सगळं लिहून घेतलं. शेवटी पाचारीबाई म्हणाल्या की आज गुरुपूजाच आहे तर शिष्य गुरूला वंदन करतानाचा एक फोटो मिळाला तर बरं होईल, परंपरा दाखवायला तोच लावतात.

हे खामफानने ठरवलेलं नव्हतं. पण नुईने लगेच खुर्ची आणली, तिच्यावर पांढरं कापड टाकलं आणि बापाला जीवकांच्या मूर्तीशेजारी बसवलं. रीत सगळ्यांना ठाऊक होती. शिष्याने फुलांचं तबक घेऊन गुडघ्यांवर बसायचं, वाकायचं, आणि कायेने, वाचेने, मनाने, जाणता अजाणता जे चुकलं त्याची माफी मागायची. गुरूने अहोसी म्हणायचं, म्हणजे झालं गेलं मिटलं. दर वर्षी नव्या वर्षाच्या सणाला खामफान याच शब्दांत सासूची माफी मागायचा. सासूने जावयापुढे वाकल्याचं मात्र या डोंगराच्या दोन्ही बाजूंना कोणी ऐकलं नव्हतं.

थावोन आधी आला. पोट आड येत होतं, तरी वाकला, आणि नाक्यावर कागद दाखवून सुटायची घाई असलेल्या माणसासारखं सगळं एका दमात म्हणून मोकळा झाला. खामफान त्याला अहोसी म्हणाला, आणि म्हणताना त्याला बरं वाटलं हे लपवण्यात अर्थ नाही.

मग चानहोम उठली. सायफिन आधार द्यायला गेली तर तिने तिचा हात झटकला. तबक धरून ती खुर्चीपर्यंत आली आणि हळूहळू, एकेक गुडघा टेकत, खाली बसली. खामफानला वाटलं होतं की या वेळी आपल्याला हसू आवरणार नाही. पण वरून तिचे विरळ केस आणि मागची गुलाबी कातडी दिसली, आणि त्याला एकदम उठून पळून जावंसं वाटलं. फोटोवाला कॅमेरा नीट करत होता. नुई पाण्याचं भांडं घेऊन शेजारी उभी होती.

"कायेने, वाचेने, मनाने," चानहोम म्हणाली आणि थांबली.

ती विसरली असं वाटून सायफिनने मागून हळूच पुढचे शब्द सुचवले.

"येतं मला," म्हातारी मान न वळवता म्हणाली. "अजाणता मी काही केलेलं नाही. जाणून केलं. बरण्या माझ्या होत्या, तेल माझं होतं. या माणसाने त्याला कधी हातही लावला नव्हता. मुलगी दिली तेव्हाच मी ठरवलं होतं की वेळ आली तर याला पुढे करायचं. पण पुढे करायची वेळच आली नाही, मी तोंड उघडायच्या आत हा स्वतः उठून उभा राहिला. तेव्हा मी याला खाली बस म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. त्याची माफी मागते."

थावोनने डोळे मिटून घेतले होते. लिहिणाऱ्या माणसाने पेनाचं टोपण काढलं, तेव्हा पाचारीबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"पूजेतलं बोलणं आपण लिहीत नाही," त्या म्हणाल्या.

नुईच्या भांड्यातलं पाणी तिच्या पायांवर सांडत होतं आणि तिला ते कळत नव्हतं. ती आजीकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती, त्याच्या पांढऱ्या शर्टाकडे, मांडीवर ठेवलेल्या त्याच्या हातांकडे, आणि पाणी आणायला म्हणून ती आता कुठेही गेली नाही.

"तुम्ही उठून उभे राहिलात?" तिने विचारलं. "आपणहून?"

खामफानने होकारार्थी मान हलवली. या घटकेला काय बोलायचं ते त्याने किती वर्षं तयार करून ठेवलं होतं, आणि त्यातलं एक वाक्यही जाग्यावर नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने पुसलं नाही.

चानहोम अजून वाकलेलीच होती.

"नुईचे बाबा, अहोसी म्हणा ना आता," सायफिन मागून म्हणाली. "तिचे गुडघे दुखतायत."

"दुखू देत जरा," खामफान म्हणाला.

म्हातारीने वाकल्या वाकल्याच मान डोलावली. तिलाही ते पटलं होतं. तो थोडा वेळ तसाच बसून राहिला, मुलीकडे बघत, आणि मग खुर्चीवरून उतरून सासूच्या समोर गुडघ्यांवर बसला, तिच्या हातातलं तबक घेतलं आणि तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "अहोसी, आई."